अजिनकोर्टचा विजय आणि हिशेबाची वही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मध्ययुगीन युरोपच्या लढायांवरील लेखमालेत अजिनकोर्टच्या लढाईवरचा लेख वाचला. लढाईचे वर्णन चोख आहे आणि मराठीत या विषयावर इतक्या सोप्या भाषेत फारसे लिहिले जात नसल्याने लेखकाचे आभारच मानले पाहिजेत. मात्र त्या लेखात २५ ऑक्टोबर १४१५ हा एक दिवस तपशिलाने आला आणि त्याआधीचे जवळजवळ वर्षभर चाललेले काम दोन वाक्यांत उरकले गेले. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने सैन्य जमवले, खाडी ओलांडली आणि तिरंदाजांच्या बळावर फ्रेंचांचा धुव्वा उडवला, असे चित्र त्यातून उभे राहते. शाळेत इतिहास शिकवताना मीही या लढाईकडे मुलांचे लक्ष याच बाजूने ओढले जाताना पाहिले आहे, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. माझे म्हणणे असे की हेन्रीची खरी करामत कर, कर्ज, गहाणवट, जहाजे, भाकरी आणि पगारपत्रके यांच्या जुळवाजुळवीत होती. आणि पुढे त्याचा फ्रान्समधला डाव ज्या कारणाने फसत गेला, तेही याच जमाखर्चात सापडते.

मार्च १४१३ मध्ये हेन्री गादीवर आला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी, १४०३ च्या श्रूजबरीच्या लढाईत, त्याच्या चेहऱ्यात बाण खोल रुतला होता आणि जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने तो खास बनवलेल्या हत्याराने बाहेर काढला होता. वेल्समधील बंडखोरांशी कित्येक वर्षे झगडताना पगार थकला की शिबंदी कशी पांगते, किल्ल्यातले धान्य संपले की किल्लेदार कसा गुडघे टेकतो, हे त्याने जवळून पाहिले होते. वडिलांच्या कारकिर्दीत तिजोरीत सदा खडखडाट असे. त्यामुळे फ्रान्सच्या गादीवरचा आपल्या घराण्याचा जुना हक्क त्याने पुन्हा उकरून काढला तेव्हा पैशाचा विचार त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होता, असे मानायला जागा आहे.

समोरची परिस्थितीही त्याला अनुकूल होती. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स १३९२ पासून अधूनमधून वेडाच्या झटक्यांनी ग्रासलेला होता. बर्गंडीच्या ड्यूकने १४०७ मध्ये राजाच्या सख्ख्या भावाचा, ऑर्लिअन्सच्या ड्यूकचा, पॅरिसच्या रस्त्यात खून करवला होता आणि तेव्हापासून दोन्ही घराण्यांत उभा दावा पडला होता. १४१४ आणि १४१५ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात वकिलांच्या फेऱ्या झाल्या. प्रदेश, फ्रेंच राजकन्या कॅथरीन आणि तिच्यासोबत येणारी रक्कम यांवर घासाघीस झाली. फ्रेंचांनी बरेच काही देऊ केले होते. हेन्रीच्या मागण्या मात्र अशा होत्या की त्या पूर्ण मान्य होणे अवघडच होते. वाटाघाटी चालू असतानाच इकडे बाण, धनुष्ये आणि जहाजांची तयारी जोरात होती, यावरून त्याचा कल कुठे होता ते कळते.

आता पैशाकडे वळतो, कारण लेखात या भागाला स्पर्शही झालेला नाही. नोव्हेंबर १४१४ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे पार्लमेंट भरले. चॅन्सलर हेन्री ब्यूफर्ट हा विंचेस्टरचा बिशप आणि राजाचा सावत्र काका. त्याने हाती वेळ आहे तोवर सत्कृत्य करावे या बायबलमधल्या वचनाचा आधार घेऊन राजाच्या मोहिमेसाठी मदत मागितली. पार्लमेंटने एकदम दोन कर मंजूर केले. अशा एका कराचे साधारण छत्तीस हजार पौंड येत. पहिल्याची वसुली फेब्रुवारी १४१५ मध्ये व्हायची होती आणि दुसऱ्याची त्यानंतर एका वर्षाने. म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेच्या आधी राजाच्या हाती एकाच कराचा पैसा पडणार होता. धर्मगुरूंनी आपला वेगळा हिस्सा दिला.

हा पैसा किती पुरणार होता? त्या काळच्या सैन्यात तिरंदाजाला दिवसाला ६ पेनी आणि चिलखत घालून लढणाऱ्या साध्या शिपायाला १२ पेनी मिळत. नाइटला २ शिलिंग, अर्लला ६ शिलिंग ८ पेनी आणि ड्यूकला १३ शिलिंग ४ पेनी असा दर होता. २४० पेनींचा एक पौंड. हेन्रीबरोबर गेलेल्या सैन्यात नऊ हजारांच्या आसपास तिरंदाज आणि सव्वादोन हजारांच्या आसपास चिलखती शिपाई धरले, तर नुसत्या रोजाचाच खर्च दिवसाला तीनशे पौंडांच्या वर जातो. तीन महिन्यांचा आकडा तीस हजार पौंडांना भिडतो, आणि त्यात सरदारांना मिळणारी जादा रक्कम, जहाजांचे भाडे, तोफा, दारू, तंबू, घोड्यांचा चारा यांतले काहीच नाही. म्हणजे साऱ्या देशातून गोळा केलेला एक कर एका तिमाहीतच फस्त होत होता. करार तर वर्षभराच्या नोकरीचे होते.

ही फट हेन्रीने कशी बुजवली, हे मला अजिनकोर्टच्या रणांगणापेक्षा अधिक पाहण्यासारखे वाटते. एप्रिल १४१५ च्या अखेरीस लहानमोठ्या सरदारांशी लेखी करारमदार झाले. कातड्याच्या एकाच तुकड्यावर तोच मजकूर दोनदा लिहायचा, मधून वेडावाकडा छेद देऊन त्याचे दोन भाग करायचे आणि एक सरकारात, एक सरदाराकडे ठेवायचा, अशी पद्धत होती. पुढे वाद निघाला तर दोन्ही कडा एकमेकींना जुळवून पाहता येत. किती चिलखती शिपाई, किती तिरंदाज, कोणत्या दराने, किती मुदतीसाठी, घोडे किती न्यायचे, लुटीतला कितवा भाग राजाला द्यायचा, कोणता कैदी राजाच्या स्वाधीन करायचा, हे सारे त्यात नमूद असे. राजाचा भाऊ क्लॅरन्सचा ड्यूक याने २४० चिलखती शिपाई आणि ७२० तिरंदाज आणण्याचे कबूल केले, दुसरा भाऊ ग्लॉस्टरचा ड्यूक याने २०० आणि ६००. दुसऱ्या टोकाला अवघी दोनचार माणसे घेऊन येणारे किरकोळ जमीनदार होते. या कागदांपैकी बरेचसे आजही लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बखरकारांच्या फुगवलेल्या आकड्यांना शह देऊन इतिहासकार हेन्रीच्या सैन्याची संख्या अकरा-बारा हजारांपर्यंत आणू शकले, ते याच कागदांच्या आधारे.

पहिल्या तिमाहीचा पगार रोख द्यायचा ठरले होते, अर्धा करार करताना आणि अर्धा हजेरीच्या वेळी. दुसऱ्या तिमाहीसाठी राजाकडे रोकड नव्हती. त्याने जामदारखाना उघडला आणि दागिने, सोन्याचांदीची भांडी, देव्हाऱ्यातल्या वस्तू, मुकुटसुद्धा, पगाराच्या हमीपोटी सरदारांकडे गहाण ठेवले. हेन्रीचा मुकुट म्हणून ओळखला जाणारा रत्नजडित मुकुट क्लॅरन्सच्या वाट्याला गेला आणि त्याने तो मोडून त्याचे तुकडे आपल्या हाताखालच्या लोकांना तारण म्हणून वाटले. लंडन शहराने सोन्याच्या मोठ्या गळपट्ट्याच्या तारणावर दहा हजार मार्कांचे कर्ज दिले. एक मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. लंडनचा सुप्रसिद्ध व्यापारी रिचर्ड व्हिटिंग्टन याचे नाव या काळच्या सावकारांत येते. बिशप, मठ, बंदरांची शहरे, सगळ्यांकडे मागणीपत्रे गेली आणि कर्ज द्यायला का-कू करणाऱ्या इटालियन व्यापाऱ्यांना काही काळ तुरुंगाची हवा खावी लागली. या शेवटच्या गोष्टीकडे मी डोळेझाक करू इच्छित नाही. राजाच्या शिस्तीचे कौतुक करताना त्या शिस्तीत जबरदस्ती किती होती, तेही सांगितले पाहिजे.

माणसांपाठोपाठ सामान. वीस टनांहून अधिक भार वाहणारे प्रत्येक जहाज, मग ते कोणाचेही असो, राजाच्या कामासाठी अडकवून ठेवण्याचे हुकूम इंग्लंडच्या बंदरांत गेले. तेवढ्याने भागेना म्हणून हॉलंड आणि झीलंडमधून भाड्याने जहाजे मागवली. चिलखती शिपायाला चार घोडे आणि तिरंदाजाला एक, नाइटला सहा, ड्यूकला पन्नास, या नेमाने हिशेब केला तर पलीकडे न्यायची जनावरेच माणसांपेक्षा अधिक होतात, आणि त्या प्रत्येकाला पाणी व चारा हवा. हॅम्पशायरमध्ये येणाऱ्या फौजेसाठी पाव भाजून आणि बिअर तयार करून ठेवण्याच्या आज्ञा गेल्या. करारबद्ध झालेल्यांत १२० सुरुंगवाले होते, नेदरलँड्सच्या बाजूकडचे तोफची होते, सुतार, लोहार, नालबंद, तंबूवाले, बाण आणि धनुष्ये करणारे होते. थॉमस मॉर्स्टीड हा शल्यवैद्य आपल्या धंद्यातली बारा माणसे घेऊन आला होता, विल्यम ब्रॅडवर्डिन याच्याबरोबर नऊ जण होते. अकरा हजार लोकांसाठी दोन डझन वैद्य, हे आज तोकडे वाटेल. पण पगारी वैद्यांचे पथकच करारात धरणे हे त्या काळी दूरदृष्टीचे होते.

सैन्य साउदॅम्प्टनच्या परिसरात गोळा होत असताना जुलैच्या शेवटच्या दिवशी एडमंड मॉर्टिमर या सरदाराने राजाच्या खुनाचा कट उघड केला. त्यात राजाच्या वडिलांचा चुलतभाऊ केंब्रिजचा अर्ल रिचर्ड आणि राजाच्या अगदी विश्वासातला लॉर्ड स्क्रूप होता. सर थॉमस ग्रे याला २ ऑगस्टला आणि उरलेल्या दोघांना ५ ऑगस्टला मृत्युदंड झाला. सहा दिवसांनी, ११ ऑगस्टला, आरमार निघाले. इतके मोठे संकट येऊनही निघण्याचा कार्यक्रम कोलमडला नाही. राज्याचा कारभार भाऊ बेडफर्डच्या ड्यूकवर सोपवून आणि २४ जुलैला मृत्युपत्र करून राजा मोकळा झाला होता.

त्यानंतरच्या हार्फ्लरच्या वेढ्याला आपल्या लेखात एक ओळ मिळाली आहे. सेन नदीच्या मुखाशी असलेले हे बंदर हातात आले तर पुढच्या प्रत्येक मोहिमेला फ्रान्सचे दार उघडे राहील, असा हेन्रीचा हिशेब होता. शहराच्या तटाला सव्वीस बुरूज होते. शहरवाल्यांनी बंधारे अडवून एका बाजूची कुरणे पाण्याखाली घातली होती, त्यामुळे क्लॅरन्सच्या तुकडीला मोठा वळसा घालून पलीकडे जावे लागले. आत शिबंदी अवघी काहीशे. राऊल द गोकूर हा सरदार तीनशे माणसे घेऊन वेळेवर आत शिरला आणि त्याने महिनाभर झुंज दिली. तोफांच्या गोळ्यांनी दिवसा पडलेले खिंडार आतले लोक रात्री लाकूड, माती आणि शेणाने बुजवत. इंग्रज सुरुंग खणत, तर आतून फ्रेंच प्रतिसुरुंग खणत आणि जमिनीखाली गाठ पडे.

यापुढे तयारीचे सारे शहाणपण थिटे पडले. ऑगस्टचा उकाडा, दलदल, तळाभोवती साचलेली घाण आणि मेलेली जनावरे, कच्ची फळे आणि किनाऱ्यावरचे शिंपले यांमुळे छावणीत हगवणीने थैमान घातले. नॉर्विचचा बिशप रिचर्ड कोर्टनी हा राजाचा जिवलग मित्र १५ सप्टेंबरला गेला. सफोकचा अर्ल मायकेल द ला पोल तीन दिवसांनी गेला. त्याचा मुलगा पुढे अजिनकोर्टला पडला. अरंडेलचा अर्ल आजारी अवस्थेत घरी परतला आणि तिथे वारला. क्लॅरन्सलाही मायदेशी पाठवावे लागले. घरी जाण्याची परवानगी मिळालेल्या आजाऱ्यांच्या याद्या आजही उपलब्ध आहेत आणि त्यांतली नावे हजाराच्या वर जातात. या नावांत सरदार थोडे आणि तिरंदाज पुष्कळ. शौर्याच्या कथेत ज्यांना कधीच जागा मिळाली नाही असे हे लोक एका कारकुनाच्या यादीमुळे आपल्यापर्यंत पोहोचले आहेत, आणि मला त्या यादीचे मोल कोणत्याही बखरीपेक्षा अधिक वाटते. या नावांवर काट मारली गेली तीसुद्धा पगार मोजताना चूक होऊ नये म्हणून.

२२ सप्टेंबरला शहर शरण आले. हेन्रीने सुमारे दोन हजार गोरगरीब, बायका, मुले आणि आजारी लोक यांना वाटखर्चाला थोडी नाणी देऊन शहराबाहेर काढले, शहराच्या सनदा चौकात जाळल्या आणि इंग्लंडमधील व्यापारी-कारागिरांना तिथे येऊन वसावे, घरे मिळतील, अशी दवंडी लंडनमध्ये पिटवली. एखादे गाव जिंकणे आणि त्या गावाची ओळखच पुसून टाकणे यांत अंतर आहे. हेन्रीने इथे दुसरी गोष्ट केली, आणि ती थंड डोक्याने केली.

हार्फ्लरमध्ये ३०० चिलखती शिपाई आणि ९०० तिरंदाज ठेवल्यावर हाताशी निम्म्याहून थोडे अधिक सैन्य उरले. मंत्रिमंडळातील बहुतेकांचे मत समुद्रमार्गे परतावे असे होते. राजाने इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदरापर्यंत जमिनीवरून जायचे ठरवले आणि आठ दिवसांची शिदोरी बरोबर घेतली. प्रवासाला प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक दिवस लागले, कारण सोम नदीचा ब्लांशताकचा उतार फ्रेंचांनी रोखून धरला होता आणि इंग्रजांना नदीच्या काठाकाठाने आत, उलट्या दिशेने, सरकत जावे लागले. कोर्बीजवळ चर्चमधला पवित्र डबा चोरणाऱ्या शिपायाला राजाने सगळ्या फौजेदेखत फासावर चढवले. याच सुमारास, फ्रेंच घोडदळ तिरंदाजांना तुडवणार अशी बातमी आल्यावर, प्रत्येक तिरंदाजाने दोन्ही टोके तासलेला सुमारे सहा फुटांचा खांब बरोबर बाळगावा असा हुकूम निघाला. १९ ऑक्टोबरला व्वाएन आणि बेतांकूर या गावांजवळ नदी ओलांडण्याची संधी मिळाली. फ्रेंचांनी तोडून ठेवलेल्या बांधांवर शिपायांनी आसपासच्या घरांची दारे, खिडक्या आणि पेंढा टाकून वाट केली. एका वाटेने माणसे आणि दुसरीने सामान व घोडी असा क्रम लावून दिला, आणि गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून राजा स्वतः तोंडाशी उभा राहिला. हेन्रीचा स्वभाव मला या प्रसंगात जितका दिसतो तितका त्याच्या तोंडी घातलेल्या कोणत्याही भाषणात दिसत नाही.

लढाईबद्दल आपल्या लेखात पुरेसे आले आहे. नांगरलेल्या जमिनीत रात्रभराच्या पावसाने झालेला चिखल, दोन्ही बाजूंची झाडी, दाटीवाटीने पुढे आलेले फ्रेंच सरदार, हे सगळे ठीक आहे. मात्र एका गोष्टीवर लेखकाने पांघरूण घालायला नको होते. लढाई जवळजवळ संपली असताना, सामानाच्या तळावर हल्ला झाल्याचे कळल्यावर आणि फ्रेंचांची आणखी एक फळी चालून येईल या भीतीने, हेन्रीने शरण आलेल्या कैद्यांना मारण्याचा हुकूम दिला. चिलखती सरदार कचरले, कारण त्या कैद्यांच्या खंडणीवर त्यांचे नशीब होते. तेव्हा राजाने एका अधिकाऱ्याच्या हाताखाली दोनशे तिरंदाज देऊन ते काम उरकले, असे बखरी सांगतात. त्या काळच्या लेखकांनी त्याला फारसा दोष दिला नाही हे खरे, आणि संकट खरे वाटत होते हेही खरे. तरीही शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाला अभय देण्याची रीत त्या काळीही होती आणि राजाला ती ठाऊक होती. विजयाच्या वर्णनात ही हत्या आलीच पाहिजे.

२३ नोव्हेंबरला लंडनने राजाचे थाटात स्वागत केले. त्याच महिन्यातल्या पार्लमेंटने फेब्रुवारी १४१६ चा कर डिसेंबर १४१५ मध्येच वसूल करायला संमती दिली आणि लोकरीवरील व इतर जकात राजाला तहहयात देऊन टाकली. विजयाने पतपेढी उघडली, असे म्हणता येईल. पण जुने देणे तसेच होते. मार्च १४१७ मध्ये हिशेबखात्याला राजापुढे प्रश्न ठेवावे लागले: तिमाही कोणत्या तारखेपासून मोजायची, वेढ्यात मेलेल्याचा पगार कुठवर द्यायचा, आजारी होऊन घरी गेलेल्याचे काय करायचे. हे हिशेब राजा मरेपर्यंत पूर्ण मिटले नाहीत आणि गहाण ठेवलेल्या वस्तूंचा पाठपुरावा त्याच्या मुलाच्या कारकिर्दीतही चालू राहिला.

लेखमालेचा पुढचा भाग बहुधा १४१७ पासूनच्या नॉर्मंडीच्या मोहिमेवर असेल. तिथेही तयारीचे तेच चित्र आहे, किंबहुना अधिक मोठे. फेब्रुवारी १४१७ मध्ये वीस परगण्यांच्या शेरिफांना हुकूम गेला की विणीच्या माद्या वगळून प्रत्येक हंसबदकाच्या पंखातली सहा पिसे काढून लंडनला पाठवावीत. बाणांना लावायला ती हवी होती. पुढच्या वर्षी पुन्हा मागणी निघाली ती ११ लाख ९० हजार पिसांची. साउदॅम्प्टनला राजासाठी प्रचंड जहाजे बांधली जात होती. ग्रेस द्यू हे त्यांतले सर्वांत मोठे. या वेळी हेन्रीने धावत्या स्वारीचा मार्ग सोडला आणि एकेक शहर घेऊन तिथे शिबंदी, कारभारी आणि करवसुली बसवायला सुरुवात केली. कां हे शहर सप्टेंबर १४१७ मध्ये पडले. रुआँचा वेढा जुलै १४१८ ते जानेवारी १४१९ असा चालला. लंडनने वेढ्यातल्या फौजेसाठी गोड मद्याची तीस पिंपे, बिअरची हजार पिंपे आणि ती प्यायला अडीच हजार पेले भेट पाठवले. त्याच वेळी तटाच्या आत लोक मांजरे आणि उंदीर विकत घेऊन खात होते. शहराने बाहेर काढलेले हजारो म्हातारे, बायका आणि मुले तट आणि इंग्रज छावणी यांच्यामधल्या खंदकात अडकली; हेन्रीने त्यांना पलीकडे जाऊ दिले नाही आणि ती थंडीपावसात तिथेच मरत राहिली. नाताळच्या दिवशी त्याने अन्न पाठवले, दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तेच. वेढ्यात हजर असलेल्या एका इंग्रज शिपायाने हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे आणि त्याच्या लिहिण्यात शत्रूबद्दलचा कळवळा लपत नाही.

सप्टेंबर १४१९ मध्ये माँतरोच्या पुलावर बर्गंडीच्या ड्यूकचा फ्रान्सच्या युवराजाच्या माणसांनी खून केला आणि बर्गंडीचे घराणे हेन्रीच्या बाजूला आले. त्यातून २१ मे १४२० चा त्र्वाचा तह झाला, हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला आणि २ जूनला कॅथरीनशी त्याचे लग्न झाले. नकाशावर हा त्याच्या यशाचा कळस. हिशेबाच्या वहीत मात्र उलटे दिसते. मे १४२१ मध्ये खजिनदाराने मांडलेल्या अंदाजपत्रकात वर्षाची जमा सुमारे ५५,७०० पौंड आणि ठरलेला खर्च सुमारे ५२,२०० पौंड होता. उरलेल्या साडेतीन हजारांत राजवाड्याचा खर्च, जहाजे, बांधकामे, हार्फ्लर आणि कॅलेची थकबाकी, शिवाय वडिलांपासूनची कर्जे भागवायची होती. त्याआधी मार्चमध्ये क्लॅरन्स बोझे येथे मारला गेला होता. पार्लमेंट नव्या कराला उत्सुक नव्हते, कारण तह झाल्यावर फ्रान्समधले युद्ध फ्रान्सच्या उत्पन्नातून चालावे अशी लोकांची समजूत होती. राजाला पुन्हा कर्जावर यावे लागले आणि एकट्या ब्यूफर्टने सतरा हजार पौंडांहून अधिक रक्कम दिली. मो या फ्रेंच शहराच्या वेढ्यात, १४२१-२२ च्या हिवाळ्यात, छावणीत पुन्हा रोगराई पसरली. ३१ ऑगस्ट १४२२ रोजी व्हॅन्सेन येथे हेन्री हगवणीने वारला. वय पस्तीस. मुलगा नऊ महिन्यांचा होता.

म्हणून पुढील भागाच्या लेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी वेढ्यांच्या वर्णनाबरोबर १४२१ चे ते अंदाजपत्रकही वाचकांपुढे ठेवावे आणि रुआँच्या खंदकातल्या लोकांना निदान एक परिच्छेद द्यावा. शिवाय, १४१५ च्या तिरंदाजांचे रोज, करारांचे स्वरूप आणि हार्फ्लरच्या आजाऱ्यांच्या याद्या यांवर एखादा स्वतंत्र लेख छापता आला तर शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्याचा फार उपयोग होईल.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, सातारा